साहेबांचा गुरुवारचा चहा

इथे अमेरिकेत, ओक ट्री रोडवरच्या या भारतीय किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये मी सहसा गाडीतून उतरत नाही. लेकीच्या, केतकीच्या हातात यादी देते आणि काच वर करून बसते. ती विचारते, "आई, दुकानांचा एवढा कंटाळा तुला कधीपासून यायला लागला?" मी म्हणते, गुडघे. या वयात गुडघ्यांवर काहीही ढकलता येतं. परवा मात्र उतरावं लागलं, कारण मेथीची जुडी तिला कळत नाही, कोवळी सोडून नेमकी जून उचलते. दार उघडलं आणि पार्किंगच्या कडेला यंत्रानं गवत कापत असलेला माणूस दिसला. कापलेल्या गवताचा तो हिरवा, ओलसर वास एकदम अंगावर आला आणि मी गाडीच्या दाराला धरून उभीच राहिले.

आज जिथे गाड्यांच्या रांगा लागतात, तिथे एकेकाळी एक मैदान होतं. कडेला दोन मजली इमारत, खाली खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोल्या, वर ऑफिस. मी तिथे टायपिस्ट होते. एका फुटबॉल क्लबमध्ये, नागपूरच्या महालातली मी, जिनं आयुष्यात फुटबॉल पाहिला नव्हता. त्र्याऐंशी सालची गोष्ट. विनायकचा, माझ्या नवऱ्याचा, जॉब गेला होता. एवढा मोठा इंजिनियर सकाळी उठून दाढी करायचा, शर्ट घालायचा आणि सोफ्यावर बसून पेपरातल्या जाहिरातींना लाल पेनानं गोल करायचा. मला नोकरी मिळाली ती मी मिनिटाला साठ शब्द टाइप करायचे म्हणून. पगारापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे नोकरीबरोबर दोघांचा हेल्थ इन्शुरन्स होता. इथे आल्यावर पहिल्यांदा कळतं, की आजारी पडण्याआधीसुद्धा कुणाची तरी परवानगी लागते.

त्या इमारतीचे वास मला अजून वेगवेगळे करून सांगता येतील. सकाळी ओल्या मातीचा आणि चामड्याच्या बुटांचा. दहाच्या सुमाराला मालिशच्या तेलाचा, आपल्या बामसारखा, नाकात झणझणणारा. दुपारी सोललेल्या संत्र्यांचा. नागपूरच्या बाईला त्या वासानं काय व्हायचं ते सांगत नाही. आणि आवाज एकच, बुटांच्या खिळ्यांचा, सिमेंटच्या बोळातून वीसेक जोड्या बाहेर निघाल्या की कडकडकडकड. तो मैदानात गवतावर गेला की एकदम बंद व्हायचा. त्या शांततेची मला इतकी सवय झाली, की रविवारी घरी काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

मॅनेजर, म्हणजे संघ निवडणारा आणि सराव घेणारा माणूस, स्कॉटलंडचा होता. बाकी सगळे त्याला 'गॅफर' म्हणायचे, त्यांच्याकडे मॅनेजरला तसंच म्हणतात. मला ते तोंडात बसेना, म्हणून मी घरी त्याला 'साहेब' म्हणायचे, आणि विनायकही म्हणायला लागला, "काय म्हणून राहिले तुमचे साहेब?" चाळिशी ओलांडलेला, उंच, मोडून जरा वाकडं बसलेलं नाक. पहिला महिनाभर तो काय बोलतो ते मला कळायचं नाही. इंग्रजीच आहे एवढं विश्वासानं घ्यायचं आणि मान हलवायची. मी काय बोलते तेही त्याला कळत नसणार, पण तो मान हलवायचा नाही, सरळ पुन्हा विचारायचा.

त्याचा सगळा इतिहास माझ्याच हातून कागदावर उतरला. सामन्याच्या दिवशी विकायच्या पुस्तिकेत मॅनेजरची माहिती द्यायची होती, तो येरझाऱ्या घालत सांगत गेला आणि मी टाइप करत गेले. क्लाइड नदीकाठचं गाव, बाप जहाजं बांधायच्या गोदीत. सोळाव्या वर्षी क्लबनं घेतलं, विसाव्या वर्षी मुख्य संघात. बचावफळीत, मध्यभागी, चौदा वर्षं. दोन क्लब, एक कप, तोही अंतिम सामन्यात हरलेला. मग गुडघे गेले आणि पस्तिसाव्या वर्षी अमेरिकेत आला, कारण इथल्या उन्हाळी लीगमध्ये म्हाताऱ्या पायांनाही मागणी होती. दोन सीझन खेळला. आधीच्या मॅनेजरला काढलं त्या दिवशी मालकानं ह्यालाच शिट्टी दिली. "मधलं एक वर्ष राहिलं," मी बोट ठेवून म्हटलं. एकोणसत्तर साल कोरंच होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "राहू दे तसंच." मी मनात खूणगाठ बांधली, की हा माणूस काहीतरी लपवतो.

माझा स्वभावच तसा. भाजीवाल्याचा काटा, दूधवाल्याचं माप, सगळ्यांवर माझी नजर. गंमत अशी, की साहेबांना हा गुण वाटायचा. एकदा सराव चालू असताना त्यांनी मला ऑफिसच्या खिडकीशी बोलावलं आणि म्हणाले, "तू कुठे बघतेस?" चेंडूकडे, मी म्हटलं. "चुकतेस. समोरचा माणूस चेंडूनं फसवतो, पायानं फसवतो, डोळ्यांनी तर हमखास फसवतो. कमरेकडे बघ. कंबर जिकडे वळेल तिकडेच माणूस जातो." चौदा वर्षं हेच केलं म्हणे त्यांनी, येणाऱ्या प्रत्येकावर संशय घेतला. मी त्या दिवसापासून खेळाडूंच्या कमरांकडे बघायला लागले आणि विनायकला हे सांगितल्यावर तो आठवडाभर मला चिडवत होता.

साहेबांची एक रीत सगळ्या क्लबला माहीत होती. शुक्रवारी सकाळी कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर अकरा नावांचा कागद लागायचा, शनिवारच्या सामन्यासाठी. पण ज्याचं नाव गळणार असेल त्याला ते दारावर वाचायला लागू नये, म्हणून आदल्या दिवशी, गुरुवारी, साहेब त्याला खोलीत बोलवायचे आणि स्वतःच्या हातानं चहा करून द्यायचे. चहा संपेपर्यंत सांगून झालेलं असायचं. ऑफिसचा कारभार बघणाऱ्या इंग्लिश माणसाला त्यांनी चहा पाजला आणि सोमवारी तो टेबल आवरून गेला. मे महिन्यात तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईला पाजला, तीही गेली. "चहाला बोलावलं" म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. तो चहाही काय असायचा. अमेरिकेत येऊन दोन वर्षं मी दोरीला बांधलेल्या पुड्या गरम पाण्यात बुचकळत होते, आणि हा माणूस शेगडीवर पातेल्यात पानं उकळायचा, काळाकुट्ट करून वर दूध ओतायचा. गुरुवारी त्या दारातून वास आला की माझा जीव कासावीस व्हायचा, आणि तरी देवाला म्हणायचे, मला तेवढा नको.

मेच्या शेवटी मला दिवस गेल्याचं कळलं. आपल्याकडे तिसरा महिना पूर्ण होईस्तोवर कुणाला सांगायचं नाही, आईनं पत्रात बजावून लिहिलं होतं. सांगितलं फक्त कुंदाकाकूंना, आमच्याच अपार्टमेंटमधल्या, बारा वर्षं इथे राहिलेल्या, सगळ्यांना सगळं समजावून सांगणाऱ्या. त्या म्हणाल्या, "हे बघ, ऑफिसात तर अजिबात बोलू नकोस. इथे पोट दिसायला लागलं की गोड बोलून काढतात. आणि नोकरी गेली की इन्शुरन्स गेला. मग बाळंतपण काय पार्किंगमध्ये करणार आहेस?" तीन महिने झाले, चार झाले, मी गप्पच. विनायकचा करडा स्वेटर घालून जायचे, ऐन ऑगस्टमध्ये. कुणी विचारलं तर म्हणायचे, एअर कंडिशनर फार लागतो. बसस्टॉपवरून चालत येताना त्या लोकरीत मी घामानं भिजून निघायचे.

त्या उन्हाळ्यात क्लबची हवा बदलली. स्टेडियमात माणसं कमी आणि कबुतरं जास्त. मालक, जो जमिनींचा धंदा करायचा, तो पांढऱ्या गाडीतून येऊन मैदानाकडेच जास्त बघायला लागला, खेळाकडे कमी. बोळात खिळ्यांचा आवाज पूर्वीसारखाच व्हायचा पण आत गेल्यावर कुणी शिट्टीवर गाणं म्हणेना. क्लब बंद पडणार अशी कुजबुज होती, आणि साहेब दार लावून फोन करायला लागले. नंबर मीच लावून द्यायचे. दुसऱ्या क्लबांचे नंबर, दुसऱ्या शहरांतले, दोन आठवड्यांत सहा. मी जोडून दिला की ते म्हणायचे, "थँक यू, आता दार ओढून घे." बचावातला माणूस आहे, म्हटलं. जहाज बुडायच्या आधी स्वतःसाठी होडी शोधतोय, आणि आम्हाला पत्ता लागू देत नाही.

मग एका सोमवारी येऊन बघते तर माझं टेबल वरच्या ऑफिसात नाही. खाली, कपडे ठेवायच्या खोलीशेजारी, आर्चीच्या मालिशच्या टेबलासमोर नेऊन ठेवलेलं. "खाली बरं पडेल," साहेब एवढंच म्हणाले. आर्ची हा त्यांचा जुना सोबती, त्याच गावचा, तिथल्या क्लबातसुद्धा ह्यांचेच पाय चोळायचा. साहेबांनी अमेरिकेत येताना त्याला बरोबर आणलं होतं. बुटका, लाल तोंडाचा, सतत काहीतरी गुणगुणणारा. त्यानं मला खुर्ची पुसून दिली. मी मनात म्हटलं, चला, टाइपरायटरसकट तळघरात उतरवली, पुढची पायरी म्हणजे रस्ता. त्याच आठवड्यात लिंडा नावाची एक तरुण मुलगी यायला लागली, आठवड्यातून दोन दिवस. "हिला तुझं काम दाखव," साहेब म्हणाले. मी दाखवलं. फायली, रजिस्टर, टाइपरायटरचा अडकणारा 'एम'. स्वतःच्या हातानं स्वतःच्या जागी दुसरीला बसवायला शिकवत होते असं मला वाटत होतं, आणि रोज घरी येऊन रडत होते.

आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गुरुवारी, अकराच्या सुमाराला साहेब जिन्यावरून खाली वाकले. "एक मिनिट वर ये. चहा टाकलाय."

वास तर मला आधीच आला होता. आर्चीनं गुणगुणणं थांबवून माझ्याकडे बघितलं. मला तो चहा प्यायचा नव्हता, कारण तो प्यायला नाही तर कुणी मला काढू शकणार नाही असं काहीतरी त्या क्षणी माझ्या डोक्यात घट्ट बसलं. मी म्हटलं, "आज नाही जमणार. गुरुवारचा उपास आहे माझा. आमच्यात उपासाला चहा चालत नाही." उपासाला आपण दिवसभर चहावरच असतो हे त्या स्कॉटलंडच्या माणसाला कुठून माहीत असणार? ते ओशाळले. "सॉरी, मला माहीत नव्हतं," म्हणाले. "मग उद्या बोलू."

उद्या बोलू. मला तेवढे दोन शब्द पुरले.

दुपारी पांढरी गाडी आली. मालक माझ्या टेबलापाशी थांबला, नेहमीसारखं विचारलं, सगळं ठीक ना. मी उभी राहिले. आर्ची बाहेर मैदानावर होता, खोलीत कुणी नव्हतं. मी म्हटलं, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते, साहेब दुसऱ्या क्लबांना फोन करत असतात. रोज. दार लावून. सहाही नावं मी पाठ म्हणून दाखवली. त्यानं विचारलं, खेळाडूंबद्दल बोलतात का? मी म्हटलं, नावं ऐकू येतात खरी. तो म्हणाला, "तू चांगलं केलंस." मला इतकं हलकं वाटलं, की संध्याकाळी मी विनायकसाठी भरली वांगी केली. आपण बाळासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत होते, आणि दाण्याचं कूट वाटता वाटता मला ते पटलंही.

शुक्रवारी दारावर अकरा नावांचा कागद लागला, साहेबांच्याच अक्षरातला, आदल्या दिवशी लिहून ठेवलेला, पण साहेब आलेच नाहीत. सोमवारी कळलं, मालकानं त्यांना काढलं. मंगळवारी ते सामान न्यायला आले. एक खोकं, त्यात बूट, ते चहाचं पातेलं, भिंतीवरचा एक फोटो. खाली उतरून ते माझ्या टेबलापाशी आले आणि एक पाकीट ठेवलं.

"हे तुला गुरुवारी द्यायचं होतं," ते म्हणाले. "क्लब डिसेंबरात बंद होतोय. हे मालकाच्या सहीचं पत्र आहे. क्लब बंद झाला तरी ऑफिसातल्या लोकांचा इन्शुरन्स मार्चअखेरपर्यंत चालू राहील. सही त्यानं गेल्या बुधवारी केली, आता त्याला फिरवता येणार नाही. तुझं जानेवारीत ना?"

मी म्हटलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. जुलैपासून तू जिना उतरताना एक हात कठड्याला आणि एक पाठीला लावतेस. चालताना कंबर बदलली तुझी." ते जरासे हसले. "म्हणून तर टेबल खाली घेतलं. आणि लिंडाला शिकवायचं होतं ते शेवटच्या महिन्यांत तुला घरी थांबता यावं म्हणून. तूच काही बोलली नाहीस, म्हणून मीही नाही बोललो. तुमच्यात काही रीत असेल म्हटलं."

मी विचारलं, "आणि ते फोन?"

"पोरांना कुठेतरी लावून देत होतो. चौदा जणांचं ठरलं, सहा राहिले." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मालकाला कुणीतरी जाऊन सांगितलं. तू सोडलीस तर त्या फोनांबद्दल माहीत असलेला इथे एकच माणूस आहे, मीच त्याला सांगितलं होतं. वीस वर्षं ओळखतो मी त्याला. एकोणसत्तरात माझी बायको गेली, मी वर्षभर खेळलो नाही, तेव्हा हाच माणूस रोज घरी येऊन बसायचा. आर्चीपासून जपून राहा."

आता बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की तो नाही, मी. एक वाक्य पुरलं असतं. पण पाकीट माझ्या हातात होतं, त्यावरची सही अजून मी वाचलीही नव्हती, आणि मला वाटलं, मी बोलले तर हे परत मागतील. इतकं सगळं ऐकल्यावरही मला त्या माणसाबद्दल तेच वाटलं. माझी लाज वाटते मला. मी म्हटलं, "थँक यू."

ते खोकं उचलून बोळातून निघाले. आर्ची मैदानाकडच्या दारातून आत येत होता, तेलाचे हात पंच्यानं पुसत. त्यानं हात पुढे केला. साहेब थांबले नाहीत. त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि कुशीतलं खोकं सावरत बाजूनं निघून गेले. आर्ची हात तसाच पुढे धरून कितीतरी वेळ उभा होता. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "काय झालं? तुझ्याशी काही बोलला का तो?" मी मान हलवली. नाही.

डिसेंबरात क्लब बंद पडला. जानेवारीत केतकी झाली, चांगल्या हॉस्पिटलात, दोन दिवस अवघड गेले आणि एका कागदाच्या जोरावर दोघी सुखरूप घरी आलो. विनायकला नोकरी लागली. साहेब परत गेले, तिकडे एका छोट्या गावच्या क्लबाचे मॅनेजर झाले, असं कुणीतरी सांगितलं. आर्ची कर्नीत राहिला, जिथे स्कॉटलंडची पुष्कळ माणसं आहेत. तो वारल्याची चार ओळींची बातमी मी पंधरा वर्षांनी स्थानिक पेपरात वाचली आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला.

परवा केतकी ट्रॉली ढकलत बाहेर आली तेव्हा मी अजून त्या गवताकडेच बघत होते. पिशव्या डिकीत ठेवत ती म्हणाली, "इथेच होतं ना तुझं ते ग्राउंड? तो इन्शुरन्सवाला कोच?"

ही गोष्ट तिला मी लहानपणापासून सांगत आले आहे. झोपताना, जेवताना, तिच्या प्रत्येक वाढदिवसाला.

"हो," मी म्हटलं.

"किती सॅड ना ते," ती म्हणाली. "त्याच्याच फ्रेंडनं त्याला दगा दिला. काय नाव त्याचं, आर्ची?"

चाळीस वर्षांत माझ्या लेकीनं आर्चीला ओळखलं ते एवढंच. मीच तिला तसं सांगितलं होतं, वाढदिवसाच्या केकसमोर बसून.

"आर्चीनं नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं मालकाला."

ती वळली. हातातली पिशवी तशीच धरून तिनं हळूच विचारलं, "फॉर मी? माझ्यासाठी केलंस?"

तिचा चेहरा मऊ झाला होता. हो म्हटलं असतं तर तिनं तिथल्या तिथे मला जवळ घेतलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "तुझ्यासाठी जे करायचं ते त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. मला फक्त भीती वाटली."